भुंडा बोकड, भुंड्या शेळ्या, आणि ना पाठ ना बोकड असं करडू

बालाघाट_शेळी (भूम, जि. धाराशिव)
रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. माझ्याकडं उस्मानाबादी शेळ्या आहेत, लहानमोठ्या धरून सव्वीस. दोन वर्षांमागं बाजारातून एक काळाभोर भुंडा बोकड आणला. भुंडा म्हणून मुद्दामच आणला. शिंगाचं जनावर जाळीत अडकतं, गाभण शेळीच्या पोटात धडक बसली की ती गाभडते, हे मी भोगलंय. माझ्या सहा शेळ्याही भुंड्याच आहेत. म्हणलं सगळा कळपच बिनशिंगी करून टाकू.

सहाही शेळ्या ह्याच बोकडाकडून फळवल्या. दोन वेतांत मिळून १४ करडं झाली. ३ शिंगाची, ११ भुंडी. त्या भुंड्यांतली दोन अशी निघाली की काही कळेना. पहिलं आता दीड वर्षाचं आहे. जन्मली तेव्हा पाठच, म्हणजे मादी करडूच, समजलो. पण अजून एकदाही माजावर आली नाही. उलट दुसऱ्या शेळ्यांवर चढती, अंगाला बोकडासारखा वास, खालचं अंगही पाठीसारखं नाही. दुसरं सात महिन्यांचं आहे आणि तेही तसंच व्हायलंय.

आई म्हणती त्या दोन शेळ्या खराब आहेत, मंगळवारच्या बाजारात विकून टाक. शेजारी म्हणायलेत ग्रहणात गाभण होत्या. मला दोन्ही पटेना. ह्यातल्या एका शेळीनं आधीच्या वेताला, दुसऱ्याच्या शिंगाच्या बोकडापासून, दोन चांगल्या पाठी दिल्यात. त्या आज व्यायल्यात. मग शेळी खराब कशी? कुणाला माहीत असल तर नीट सांगा.


हाळीचा_बाजार
रविवार, रात्री ९:३५

दादा, जुळ्यातलं करडू होतं का? गायीत गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली कालवड बहुतेक वांझ निघते. आमच्याकडं देवणी गायीत दोनदा बघितलंय.


बालाघाट_शेळी
रविवार, रात्री ९:५२

एक जुळ्यातलं, जोडीला बोकड होता. दुसरं एकलंच.


पशुवैद्य_उदगीर
सोमवार, सकाळी ७:२०

दादा, तुम्ही आकडे नीट ठेवलेत म्हणून उत्तर देणं सोपं झालं. असं दहातला एक पशुपालक लिहून ठेवत नाही.

जुळ्याचा मुद्दा गायीत खरा आहे. तिथं दोन वासरांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जुळतात आणि गोऱ्ह्याचे संप्रेरक कालवडीच्या अंगात जातात. शेळीत जुळी सर्रास होतात, पण असं क्वचित घडतं. आणि तुमचं एक करडू तर एकलंच जन्मलंय. तुमच्या आकड्यांत दुसरीच गोष्ट दिसते. दोन्ही करडं भुंडी आहेत, आणि दोघांचेही आईबाप भुंडे आहेत.

शिंगं असणं-नसणं हे शेळीच्या पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरच्या एका जागेवर ठरतं. प्रत्येक जनावराकडं त्या जागेच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. प्रत दोन रूपांत मिळते: शिंगाची आणि भुंडी. भुंडी एक जरी असली तरी शिंग येत नाही.

आता घोळ कुठं आहे ते बघा. भुंड्या रूपात त्या जागचा दहा हजारांहून जास्त अक्षरांचा डीएनएचा तुकडा गळालेला असतो. २००१ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी हे शोधलं. त्या तुकड्यात प्रथिन बनवणारं जनुक नाही. पण तो तुकडा जवळच्या जनुकांना चालू-बंद करणारी कळ आहे, आणि त्यातलं एक जनुक मादीचं बीजांडकोश घडवतं. एक प्रत शाबूत असली की त्या जनुकाचं काम भागतं. दोन्ही प्रती भुंड्या आल्या आणि करडू मूळचं मादीचं असलं, तर बीजांडकोश धड तयार होत नाही आणि जनावर नराकडं झुकतं. भुंडेपणा आणि असली करडं यांचा संबंध युरोपातल्या सानेनसारख्या दुधाळ जातींत फार आधी लक्षात आला होता. १९४४ साली तो छापूनही आला.

तुमच्या बोकडाला भुंड्या शेळ्यांपासून ३ शिंगाची करडं झाली. म्हणजे त्याच्याकडंही एक शिंगाची प्रत नक्की आहे. शेळ्यांचंही तेच. भुंडी शेळी व्याली, याचाच अर्थ तिच्याकडं एक शिंगाची प्रत आहे. दोन्ही भुंड्या असत्या तर ती व्यायलीच नसती. एक-एक प्रतीची जोडी लावली की चारातल्या एका करडाला दोन्ही प्रती भुंड्या मिळतात, आणि त्यातली निम्मी मूळची मादी. म्हणजे आठात एक. १४ करडांत दोन हा आकडा या हिशेबात चपखल बसतो. खात्री रक्ततपासणीनंच होईल. पण तुमच्या जागी मी असतो तर तपासणीची वाट न बघता बोकड बदलला असता.

शेळ्या विकू नका. भुंड्या शेळीला शिंगाचाच बोकड लावा, किंवा भुंड्या बोकडाला शिंगाची शेळी. भुंडा गुणिले भुंडा मात्र करू नका.


बालाघाट_शेळी
सोमवार, दुपारी १:०५

मामा, दोनदा वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. तिनं एकच विचारलं, मग दोष बोकडाचा का शेळीचा? मला उत्तर देता आलं नाही.


पशुवैद्य_उदगीर
सोमवार, दुपारी १:४०

जोडीचा. एकट्या कुणाचाच नाही.


निवृत्त_मास्तर (परभणी)
सोमवार, रात्री ८:१५

पशुवैद्यांनी जे लिहिलं त्यात एक फार मोलाची गोष्ट दडली आहे, ती उचलून दाखवतो. मी तीस वर्षं दहावीला विज्ञान शिकवलं आणि ही गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली.

एकाच जागेवरच्या जनुकाची जी वेगवेगळी रूपं असतात त्यांना अ‍ॅलील म्हणतात. मराठीत युग्मविकल्पी असा शब्द आहे, पण वर्गात मी नुसतं 'रूप' म्हणायचो आणि पोरांना ते लगेच कळायचं. शिकवताना आपण सांगतो: हे रूप प्रभावी, ते अप्रभावी. जसं काही ते रूपाच्या कपाळावरच लिहिलंय.

आता या शेळीकडं बघा. शिंगाच्या बाबतीत भुंडं रूप प्रभावी, एक प्रत पुरते. मादीपणाच्या बाबतीत तेच रूप अप्रभावी, दोन प्रती लागतात. रूप एकच, गळालेला तुकडा एकच. मग ते प्रभावी की अप्रभावी? तुम्ही शिंगाकडं बघताय की कासेकडं, त्यावर ठरतं.

मेंडेलच्या वाटाण्यातही हेच आहे. १८६६ साली त्यानं लिहिलं की गोल दाणा सुरकुतलेल्यावर प्रभावी. डोळ्यांना तसंच दिसतं. सुरकुतलेल्या दाण्यात स्टार्च घडवणाऱ्या एका विकराचं (एन्झाइमचं) जनुक मोडलेलं असतं. त्यात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसलेला आहे, हे १९९० मध्ये सापडलं. पण एक गोल आणि एक सुरकुतलेली प्रत असलेल्या गोल दाण्यातला स्टार्च सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, तर त्याचे कण दोन्हींच्या मधले निघतात. बाहेरून पूर्ण गोल, आतून अर्धामुर्धा. मेंडेलनं दाण्याच्या कातडीवरून निकाल दिला. स्टार्चच्या कणावरून दिला असता तर पाठ्यपुस्तक वेगळं झालं असतं.


देवणी_वानेरा (लातूर)
सोमवार, रात्री ९:०२

सर, थोडं विषयाच्या बाजूला. आमच्या देवणीत तीन रंग धरतात. वानेरा म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या. बालंक्या म्हणजे पांढरं अंग आणि पोटाखाली काळे ठिपके. शेवरा म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे वेडेवाकडे डाग. वानेरा गायीला शेवरा वासरू झालं की गिऱ्हाईक म्हणतं जात भेसळीची आहे, आणि भाव पाडतं. माळेगावच्या यात्रेत माझ्यासमोर झालंय हे. हे खरंय का?


पशुवैद्य_उदगीर
सोमवार, रात्री ९:३०

खरं नाही. तिन्ही रंग देवणीचेच आहेत आणि जातीच्या वर्णनात तिन्ही नोंदलेले आहेत. रंगामागं एकापेक्षा जास्त जनुकं असतात आणि प्रत्येकाची रूपं कळपात फिरत राहतात. आईत झाकलेलं रूप वासरात उघडं पडू शकतं. जात म्हणजे सगळी जनावरं एका साच्यातली, असं नसतं. तसं झालं तर उलट काळजी करावी, कारण मग निवडायला हातात काही उरत नाही. तुमच्या शेजारची लाल कंधारी बघा, रंग जवळपास एकच, पण दुधाला सगळ्या गायी सारख्या आहेत का?


रानवाट_सिस्टर (किनवट)
मंगळवार, पहाटे ५:५०

रात्री हा धागा वाचला आणि झोप लागली नाही. शेळ्यांच्या धाग्यात माणसांचं लिहितेय, माफ करा. पण मास्तरांनी जे लिहिलं तेच मला लोकांना सांगायचं असतं आणि शब्द सापडत नाहीत.

मी किनवट-माहूर भागात आरोग्य खात्यात काम करते. आमच्याकडं गोंड, कोलाम, आंध, परधान वस्त्यांवर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी असते. एका गावातली सून. नाव-गाव सांगणार नाही. तिसरा महिना लागलेला. तिची पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली, मग पुढच्या तपासणीत कळलं की ती वाहक आहे, म्हणजे एक प्रत सिकलची, एक साधी. ती धडधाकट आहे, कापूस वेचायला जाते, डोक्यावर पाण्याचे दोन हंडे आणते. पण गावात 'हिला सिकलसेल आहे' एवढंच पसरलं. सासू म्हणते माहेरी पाठवा, आमचा वंश बिघडवती. नवरा तपासणीला यायला तयार नाही. म्हणतो माझ्यात काही नाही, मी ठणठणीत आहे.

तीही ठणठणीतच आहे, हे मी किती वेळा सांगू?

भूमच्या दादांच्या आईंनी विचारलं ना, दोष बोकडाचा का शेळीचा. माझ्याकडं रोज हेच विचारतात, आणि उत्तर आधीच ठरलेलं असतं.


निवृत्त_मास्तर
मंगळवार, सकाळी १०:२५

ताई, माफी कसली. उलट तुम्ही लिहिलंत म्हणून धाग्याला अर्थ आला. तुमच्या कामाला उपयोग होईल असं मला जेवढं येतं तेवढं मांडतो, चुकलं तर दुरुस्त करा.

हिमोग्लोबिनच्या एका साखळीचं जनुक आपल्या ११व्या गुणसूत्रावर आहे. त्यात एकच अक्षर बदललं की साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. एवढाच फरक. त्या बदललेल्या रूपाला एस म्हणतात, साध्याला ए.

आता हे एस प्रभावी की अप्रभावी? तीन खिडक्यांतून बघू.

आजाराच्या खिडकीतून अप्रभावी. दोन्ही प्रती एस असल्या की लाल पेशी ऑक्सिजन कमी पडताच विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं-सांधे ठणकतात, रक्त कमी पडतं. एक प्रत असलेल्याला सहसा काही होत नाही.

प्रयोगशाळेच्या खिडकीतून दोघं बरोबरीचे. वाहकाचं रक्त इलेक्ट्रोफोरेसिसवर (विजेनं हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासणीवर) टाकलं की दोन पट्टे दिसतात, ए-चाही आणि एस-चाही. कुणी कुणाला झाकत नाही.

हिवतापाच्या खिडकीतून एस प्रभावी. एकच प्रत असली तरी फाल्सिपॅरम हिवताप जीवघेणा होण्यापासून बरंच संरक्षण मिळतं. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या कामावरून हे दाखवलं. म्हणून तर जिथं पिढ्यानपिढ्या हिवताप होता तिथंच हे रूप टिकलं, आफ्रिकेत आणि आपल्या जंगलपट्ट्यातही. ताई, त्या सुनेच्या अंगातली ती एस प्रत तिच्या कुठल्यातरी पणजीला तापातून वाचवून इथवर आलेली असू शकते. सासूला हे सांगा. वंश बिघडवायला नाही आली ती.


रानवाट_सिस्टर
मंगळवार, दुपारी २:४०

सर, तीन खिडक्या मी वहीत उतरवून घेतल्या.

इथं वाचणाऱ्यांसाठी कामाचं थोडं लिहिते, कारण आमच्या भागात अर्धवट माहितीनं फार नुकसान होतं.

पहिली सोल्युबिलिटी चाचणी फक्त एवढंच सांगते की रक्तात एस आहे. एक प्रत की दोन, ते ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) लागते. पहिल्या चाचणीवर कुणालाही 'रोगी' म्हणू नका. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा. नवऱ्याची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो असं नाही. त्याच्याकडं थॅलेसेमियाचं (हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक दोषाचं) रूप असलं तर ते ह्या चाचणीत दिसतच नाही. आणि एकाकडून एस, दुसऱ्याकडून थॅलेसेमिया असं बाळाला आलं तरी आजार होतो. म्हणून दोघांचीही एचपीएलसी करायला सांगते.

दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजाराची, दोन वाहकाची, एक पूर्ण साध्याची. लोक म्हणतात पहिलं बाळ आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली. तसं नाही हो. चिठ्ठ्या दर वेळी परत डब्यात पडतात.

बाळ पहिले काही महिने छान दिसतं, कारण तेव्हा त्याच्या रक्तात आईच्या पोटात असतानाचं हिमोग्लोबिन असतं. ते कमी झालं की त्रास सुरू होतो. लवकर कळलं तर पेनिसिलिन, फॉलिक अ‍ॅसिड, पुढं हायड्रॉक्सीयुरिया, यांनी पुष्कळ फरक पडतो. आमच्या उन्हात पाणी कमी पडलं की कळा सुरू होतात, म्हणून अशा लेकराच्या दप्तरात पाण्याची बाटली असलीच पाहिजे आणि मास्तरांनी वर्गात प्यायला अडवू नये. १ जुलै २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलनाचं अभियानही सुरू आहे, तपासणी फुकट होते. लाजू नका, या.


कुंडलिका_काठ (जालना)
मंगळवार, रात्री १०:१८

मीही एक विचारतो. हे इतकी वर्षं कुणाला विचारलं नाही. माझा रक्तगट ए, बायकोचा बी. मुलीचा ओ. शाळेच्या कार्डावर लिहून आलं तेव्हा आमच्या एका नातेवाइकानं भर बैठकीत विचारलं, हा गट आला कुठून. बायको त्या दिवसापासून त्या घरी गेली नाही. मी तेव्हा काहीच बोललो नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. ते मला अजून टोचतं.


निवृत्त_मास्तर
मंगळवार, रात्री १०:५०

भाऊ, मुलगी तुम्हा दोघांचीच आहे आणि गणित एका ओळीचं आहे. तुम्ही ए आणि ओ, वहिनी बी आणि ओ. दोघांनी आपापली ओ प्रत दिली.

या जागेची मुख्य तीन रूपं. ए एक साखरेचा कण लाल पेशीवर चिकटवतं, बी दुसरा. म्हणून दोन्ही असले तर दोन्ही दिसतात, एबी. ओ रूपात बहुतेक वेळा मधलं एकच अक्षर गळालेलं असतं आणि चिकटवणारं विकर तयारच होत नाही. ते काही करत नाही म्हणून दिसत नाही. पण असतं, आणि पुढं जातं. तुमच्यासारख्या जोडीला चारही गटांची मुलं होऊ शकतात.

आणखी एक सांगतो. १९५२ साली डॉ. भेंडे यांनी मुंबईत एक वेगळाच रक्तगट नोंदवला, तो जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणूनच ओळखला जातो. त्या माणसांकडं ए किंवा बी रूप असलं तरी ते चिकटायला लागणारा पायाच नसतो, म्हणून साध्या तपासणीत ते ओ दिसतात. कार्डावरच्या एका अक्षरावरून बाईच्या चारित्र्याचा निकाल लावायला बसलेल्यांना हे ठाऊक नसतं.

हे उद्या त्या बैठकीत जाऊन सांगा. उशीर झालाय, तरी सांगा.


कुंडलिका_काठ
मंगळवार, रात्री ११:३०

सर, आधी बायकोला वाचून दाखवलं. उद्या जातो.


मेंढरं_आणि_माळ (आष्टी, बीड)
बुधवार, सकाळी ६:४५

पशुवैद्य मामा, जुळी देणारं जनुक असतं म्हणतेत, ते पण असंच का? आमच्या दख्खनी मेंढीला एकच कोकरू.


पशुवैद्य_उदगीर
बुधवार, दुपारी १२:१०

मेंढीत आहे. बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ मेंढीत ते मूळचं सापडतं, फेकबी म्हणतात. त्यातला नेमका बदल २००१ मध्येच सापडला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं ते दख्खनी मेंढीत आणलं, त्यातूनच नारी सुवर्णा ही मेंढी तयार झाली.

आणि मास्तरांची खिडकी इथंही उघडते. बीजं मोजली तर दुसरी प्रत पहिलीइतकीच भर घालते. कोकरं मोजली तर पहिली प्रत जवळजवळ सगळं काम करून जाते, दुसरीनं थोडंच वाढतं, कारण बीजं जास्त सुटली तरी गर्भाशयात सगळी टिकत नाहीत. आपल्या माळावर चारा-पाणी बघता एका प्रतीची मेंढी बरी. तीन कोकरं झाली तर दोन सडांवर कशी जगवणार?


रानवाट_सिस्टर
पुढच्या आठवड्यात, शुक्रवार, रात्री ९:००

त्या घरी परत गेले. सर, खिडक्या नाही सांगितल्या. भूमच्या दादांची शेळी सांगितली. सासूबाईंकडं चार शेळ्या आहेत, त्यांनी मन लावून ऐकलं. म्हणाल्या, म्हणजे बोकडाचं पण बघायला पाहिजे. नवऱ्याचं रक्त काल घेतलं. निकाल यायचाय.


बालाघाट_शेळी
सहा महिन्यांनी, रविवार, संध्याकाळी ७:३०

धागा वर काढतोय. मामांचं ऐकून भुंडा बोकड दिला आणि शिंगाचा आणला. ज्यानं भुंडा घेतला त्याला सगळं सांगूनच दिला, त्याच्या शेळ्या शिंगाच्या आहेत. माझ्या सहाही भुंड्या शेळ्या गेल्या पंधरवड्यात व्यायल्या. ११ करडं. ६ जणांच्या डोक्यावर शिंगाच्या जागी केसांचे भोवरे आहेत, म्हणजे शिंगं येणार. ५ भुंडी, त्यात ३ पाठी. तिन्ही बारकाईनं बघितल्या, अंग नीट आहे.

आईनं ज्या दोन विकायला सांगितल्या होत्या, त्यातल्या एकीनंच दोन पाठी दिल्यात. आई सकाळपासून त्यांच्याच मागं आहे.

मामा, एक विचारायचं राहिलं. ह्या तिन्ही भुंड्या पाठी एकाच भुंड्या प्रतीच्या असणार ना? बाप शिंगाचा, त्याच्याकडं भुंडी प्रत नाहीच, म्हणजे त्याच्याकडून प्रत्येकीला शिंगाचीच आली असणार. बरोबर का?


पशुवैद्य_उदगीर
रविवार, रात्री ८:०५

बरोबर. तिन्ही व्यातील.